बाबांचं उरलेलं इंग्रजी

मानकापूर, नागपूर
९ नोव्हेंबर २०२५

चि. प्रज्वल,

फोनवर तू "आई, मीटिंग आहे" म्हणतोस आणि मी "बरं" म्हणते. कागदाला मीटिंग नसते, म्हणून लिहिते आहे. शेजारची रितिका या पानांचे फोटो काढून तुला तिकडे डेन्मार्कला पाठवेल. ती म्हणते, "काकू, मी वाचत नाही हं." मी म्हटलं, वाच ना बाई, तेवढंच तुझं मराठी सुधारेल.

तुझा परवाचा निरोप मिळाला. "बाबांनी मला बोलावलं का? त्यांनी स्वतः बोलावलं तर दुसऱ्या दिवशी निघतो. तू बोलावतेस म्हणून येणार नाही. मला पाहून त्यांचं बीपीच वाढेल." चांगलं ठणकावून लिहिलंस. बापाचाच मुलगा. पण बोलवायला माणसाजवळ शब्द लागतात, आणि नेमके तेच गेले आहेत.

ऑगस्टमध्ये, तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात त्यांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी तुला "बाबांना बरं नाही, सावरताहेत" एवढंच कळवलं होतं. पूर्ण आज सांगते. उजवा हात गेला होता, तो हळूहळू परत येतो आहे. पाय ओढत का होईना, घरातल्या घरात चालतात. जीभ हलते. पण मराठी गेली. माझं नाव येत नाही. 'कुसुम' म्हणायला ओठ जुळवतात, थोडा वेळ तसेच राहतात आणि मान फिरवतात. 'पाणी' येत नाही, 'भात' येत नाही. "काहून बसून राहिली वं?" असं दिवसातून दहादा विचारून मला वैताग आणणारा माणूस, आता मी बसले तरी विचारत नाही आणि उठले तरी विचारत नाही.

उरलं काय, तर इंग्रजी. उमरेडला मागाच्या खटखटाटात वाढलेला, शाळेत इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावर लपणारा हा माणूस! आणि इंग्रजी तरी सगळं कुठे? फक्त कोराडीच्या वीज केंद्रातल्या कंट्रोल रूमचं. डेस्कवर बसून जे शब्द आयुष्यभर फोनवर बोलले, तेवढे शाबूत आहेत. चिन्मयी म्हणून एक मुलगी त्यांना बोलायला शिकवायला येते. ती म्हणते, असं होतं कधीकधी, दोन भाषांमधली कोणती वाचेल ते आधी सांगता येत नाही. पाण्याला ते "फीड" म्हणतात. बाथरूमला जायचं असलं तर "ड्रेन". पहिल्यांदा मी हसले, मग मोरीत जाऊन रडले.

पण लिहायला बसले ते हे रडगाणं सांगायला नाही. मागच्या आठवड्यात मी चटणीसाठी मिक्सर फिरवत होते, तो मध्येच बंद पडला. खुर्चीतून आवाज आला, "ट्रिप." मी म्हटलं, "मिक्सर जळला वाटते." "नो. ट्रिप." आणि बोट मीटरच्या डब्याकडे. पाहते तर खरंच एक खटका खाली पडलेला. वर केला, मिक्सर सुरू.

दोन दिवसांनी सगळ्या घराची लाइट गेली. मला नव्या इंग्रजीचा भारी उत्साह. "ट्रिप ना?" असं विचारलं तर केवढे चिडले! "नो! शटडाउन." खिडकीतून पाहिलं तर लाइनमन बंटी खांबावर शिडी लावून चढलेला. मला पाहून वरूनच ओरडला, "काकू, घंटाभर लागन, मेंटनन्स चालू हाये!" आणि शनिवारी दुपारी कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरचा बार उडाला तेव्हा त्यांनी वळूनही पाहिलं नाही. ताटातला घास संपवला आणि म्हणाले, "ब्रेकडाउन."

माझ्या लेखी तिन्ही वेळा लाइट गेली होती, एवढंच. त्यांच्या लेखी तीन वेगळ्या गोष्टी घडल्या होत्या. एकदा यंत्राने स्वतःला वाचवायला हात आखडता घेतला, एकदा माणसांनी ठरवून थांबवलं, आणि एकदा मोडलं. प्रज्वल, मी हातातला चमचा तसाच धरून बसून राहिले. बायकोचं नाव गेलं, स्वतःच्या आईचं नाव गेलं, आणि या तीन शब्दांमधल्या भिंती जागच्या जागी उभ्या. एवढ्या पडझडीत ते कसं वाचलं असेल?

तर, मी त्यांना तुझ्याबद्दल विचारणार आहे आणि जे म्हणतील तेच तुला लिहिणार आहे. "बोलावलंय, ये" असं खोटं लिहिणं अगदी सोपं आहे, तुला कळणारही नाही. पण जो मला ट्रिप आणि शटडाउनमध्येसुद्धा गल्लत करू देत नाही, त्याच्या नावावर मी खोटं कसं खपवू?

तुझी आई


२४ नोव्हेंबर

प्रज्वल,

तुझा अंगठा मिळाला. एवढ्या पानांना एक अंगठा! असो, तो खाली केलेला नव्हता, यातच समाधान मानते.

चिन्मयीने मागच्या आठवड्यात नवी कार्डं आणली. चेहऱ्यांची चित्रं आणि खाली इंग्रजी शब्द: सॅड, अँग्री, सॉरी, हॅपी, टायर्ड. म्हणाली, "आजोबा, आज कसं वाटतंय, त्यावर बोट ठेवा." बाबांनी एकेक कार्ड नीट पाहिलं आणि एकेक बाजूला सारलं. सगळीच. ती हळूच मला म्हणाली, "भावना ओळखता येत नाहीयेत बहुतेक." माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, "बाई, या माणसाले बोलता येत होतं तवाही त्यानं कधी सॅड-हॅपी म्हटलं नाही. तुझे शब्दच त्यायच्या कामाचे नाहीत."

ती गरीब आहे, रागावली नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी ते माझ्या तोंडाकडे एकटक पाहत म्हणाले, "हाय." मला वाटलं, काहीतरी दुखतंय. विचारलं तर मान हलवली. दुसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते तर दारात येऊन उभे, आणि जोरात, "हाय-हाय!" रितिका तिथेच होती. ती हसून म्हणाली, "काका मोर्चा काढून राहिले काय?" मलाही हसू आलं. ते मात्र दाराला धरून उभेच. पुन्हा तेच, आणि आवाज असा, की रितिकाने हसणं आवरलं.

दुपारी गणपतराव आले. आठवतात ना? बाबांच्या शिफ्टमधले, तुला लहानपणी स्कूटरच्या पुढे उभं करून कोराडीच्या देवळापर्यंत न्यायचे ते. आता जरीपटक्यात राहतात, दर सोमवारी येतात. मी गंमत म्हणून त्यांना सकाळचा मोर्चा सांगितला. ते हसले नाहीत.

"वहिनी, पॅनलवर अलार्म दोन असतात. हाय म्हंजे लक्ष ठेवा. हाय-हाय म्हंजे आता काई केलं नाही तर मशीन जाते. भाऊ कोनाले म्हनून राहिले हे?"

"मले."

गणपतरावांनी बाबांचं बीपीचं यंत्र उचललं आणि माझ्या दंडाला गुंडाळलं. आकडा लिहीत नाही, तू उगीच घाबरशील. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी मला गोळ्या सुरू केल्या आणि विचारलं, "तुम्हाला काहीच जाणवलं नाही?" नव्हतं जाणवलं रे. घरातल्या एकाच माणसाला जाणवलं होतं, आणि त्याच्याजवळ सांगायला दोनच शब्द होते, त्यातला योग्य कोणता हे त्याने दोन दिवस पाहून ठरवलं. संसारात मला इतकं नीट कोणी पाहत असेल याची मला कल्पना नव्हती. आता बरी आहे मी, काळजी करू नकोस.

डॉक्टरांकडून परतल्यावर मी गणपतरावांना म्हटलं, आता तुमच्या भाषेत विचारा. तुझा फोटो बाबांच्या पुढ्यात ठेवला. खूप वेळ पाहत होते. मग म्हणाले, "आउटेज."

मला काही कळेना. गणपतराव म्हणाले, "आउटेज म्हंजे युनिट बाहेर हाये. पन युनिट आपलंच असते वहिनी. भंगारात नाही काढलं." मग बाबांकडे वळून, ड्यूटीवर असल्यासारखे सरसावून बसत त्यांनी विचारलं, "प्लान्ड का फोर्स्ड, भाऊ?"

"फोर्स्ड."

म्हणजे ठरवून केलेलं नाही, काहीतरी बिघडलं म्हणून झालं. गणपतरावांनी लगेच पुढचं विचारलं, "कॉज?" तिथे बाबांनी मान खिडकीकडे फिरवली आणि चहा येईपर्यंत तिकडेच ठेवली. गणपतराव म्हणाले की कारण कबूल केल्याशिवाय बंद पडलेलं युनिट परत घेता येत नाही, तशी पद्धतच नाही.

हे काही बोलावणं नव्हे, मला कळतं. पण भंगारात काढलेलं नाही, एवढं आज लिहिते.

आई


७ डिसेंबर

प्रज्वल,

या वेळी तू मोठं लिहिलंस. दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा आला नाही.

तू म्हणतोस, "आई, तू त्यांच्या एकेका शब्दात आपल्या मनातलं भरते आहेस. माझ्यासाठी त्यांच्याकडे एकच इंग्रजी शब्द होता, आणि तो त्यांनी धडधाकट असताना, पूर्ण शुद्धीत वापरला."

मला तो शब्द माहीत आहे. मी वरण वाढत होते तेव्हा. तू नुकतीच मौद्याच्या वीज केंद्रातली नोकरी सोडली होतीस, पवनचक्क्यांच्या कंपनीचं पत्र आलं होतं, आणि कोळशाला आता भविष्य नाही असं काहीतरी तू म्हणालास. कोळशावर ज्यांनी आपल्याला पोसलं त्यांच्यासमोर म्हणालास. ते म्हणाले, "तू फेल्युअर हाय. बस." ना आवाज चढवला, ना ताट आपटलं. तू अर्ध्या जेवणावरून उठून हात धुतलेस. पुढच्या महिन्यात विमानात बसलास, आणि त्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी एक अक्षर बोललेला नाहीत.

मी त्यांची बाजू घेणार नाही. बापाने पोराला असं म्हणू नये. आणि खरं सांगू, या महिन्याभरात त्यांच्याबद्दल माझा आदर जितका वाढला, तितकी मी या बाबतीत जास्त अडकले. आधी मी म्हणू शकत होते, रागाच्या भरात गेला शब्द, मनावर घेऊ नको. आता कुठल्या तोंडाने म्हणू? जो माणूस मिक्सर बंद पडला तरी शब्द तोलून बोलतो, तो पोटच्या पोराबद्दल उगीच बोलला असेल? तुझं दुखणं मला आत्ता समजलं. तू त्यांना माझ्याआधी ओळखून होतास. ते तोंडाला येईल ते बोलत नाहीत, हे तुला तेव्हाच माहीत होतं.

हे लिहून मी पेन ठेवणार होते. पण काल दुपारी एक झालं, ते तुला सांगायलाच हवं. त्याआधी एक लपवलेलं सांगते. ही पत्रं मी त्यांच्या नकळत लिहीत होते. आताचीच नव्हे, दिवाळीच्या फराळाच्या डब्यात चिवड्याखाली ज्या चिठ्ठ्या यायच्या त्याही. तुझं नाव घरात निघत नव्हतं, म्हणून मी ते स्वयंपाकघरात बसून कागदावर काढायची. तू उत्तर द्यायचा नाहीस, तरी मी थांबले नाही. काय उपयोग होता म्हणशील, तर मलाही सांगता आलं नसतं.

काल दुपारी ते झोपले आहेत असं समजून मी तुला उत्तर लिहायला बसले. पाय ओढण्याचा आवाज आलाच नाही, किंवा मला ऐकू आला नाही. पाठीमागून हात पुढे आला आणि कागदावर बोट टेकलं. तुझ्या नावावर. मी चोरी पकडल्यासारखी गार. मग ते बोट कागदावरून माझ्या हातावर आलं, जरा थोपटल्यासारखं केलं आणि म्हणाले, "बॅरिंग." मी पाहतच राहिले. त्यांना वाटलं, हिला कळलं नाही. समजावल्यासारखं पुन्हा म्हणाले, "बॅरिंग गिअर." आणि पलंगाकडे परत गेले.

मी गणपतरावांना फोन केला. सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "वहिनी, टर्बाइन ट्रिप झाली ना, की तिचा रोटर, म्हंजे फिरनारा दांडा, तापलेला राहते. मोठं धूड असते ते. तसंच थांबू देलं तर आपल्याच वजनानं वाकते, आन एकदा वाकलं की संपलं, मंग ते मशीन कदीच चालत नाही. म्हनून बॅरिंग गिअर लावतो आमी. अगदी हळूहळू फिरवत ठेवाचं, थंड होईपर्यंत. वीज बनत नाही त्याच्यानं, काईच होत नाही. फक्त वाकू नये म्हनून." आणि शेवटी म्हणाले, "भाऊले सगळं मालूम होतं वहिनी. पयल्यापासून."

फोन ठेवला आणि मी जिथे होते तिथेच खाली फरशीवर बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं, हा माणूस मुलाचं नाव काढत नाही म्हणजे याने पाटी पुसली. आणि त्याला चिवड्याखालची चिठ्ठीसुद्धा माहीत होती! कधी अडवलं नाही, कधी विचारलं नाही. मी काय करते आहे हे मला कळत नव्हतं, ते त्याला कळत होतं, आणि त्या कामाला त्याच्याजवळ नेमकं नाव होतं. घराच्या एका खोलीत मी लिहीत होते आणि दुसऱ्या खोलीत तो ते चालू राहू देत होता. मला तर आता त्यांच्यासमोर तोंड उघडायचीच भीती वाटते. पुढचा शब्द कोणता येईल आणि माझ्या आयुष्यातलं काय उजेडात आणील, सांगता येत नाही.

तुझ्यासाठी त्यांच्याकडे एकच शब्द होता, असं म्हणालास. थोडा थांब. मी अजून विचारणं संपवलेलं नाही.

आई


२१ डिसेंबर

प्रज्वल,

तू काहीच लिहिलं नाहीस. निळ्या खुणा मात्र आल्या, रितिकाने दाखवल्या. म्हणजे वाचलंस. पुरे आहे.

आज सकाळी गणपतराव आले, सोमवार नसताना. म्हणाले, "वहिनी, कॉज घेतल्याबिगर मी जात नाही आज." कोणाच्या तरी लग्नपत्रिका कापून त्यांनी मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत शब्द लिहून आणले होते. चार शब्द. मला आधी स्वयंपाकघरात बसवून समजावले, कारण मला ते चारही सारखेच वाटत होते. तू तर इंजिनिअर, तुला सांगायला नको, पण मी जे समजले ते लिहिते. फॉल्ट म्हणजे बाहेरून आलेलं. तारेवर फांदी पडली, वीज कोसळली. कोणाकडेच बोट दाखवता येत नाही. डिफेक्ट म्हणजे वस्तूत मुळातच असलेलं वैगुण्य. फेल्युअर म्हणजे वस्तू चांगली होती, पण भार आल्यावर तिने मान टाकली. आणि एरर. गणपतराव म्हणाले, "एरर मशीनची नसते. मानसाची असते."

मी मनातल्या मनात फॉल्टला नवस बोलले. कोणाचीच चूक नाही, काळच तसा आला, वादळ होतं, गेलं. सगळे सुटतात. तूही, तेही.

चिन्मयीही आली होती. बाबांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. गणपतरावांनी चारही पट्ट्या पुढ्यात मांडल्या आणि उभं राहून, अगदी ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाले, "भाऊ, प्रज्वलचं युनिट फोर्स्ड आउटेजमदे हाये. कॉज द्या."

तुला सांगते, त्यांची पाठ सरळ झाली. आजारी माणूस खुर्चीतून गेला आणि शिफ्ट इंचार्ज येऊन बसला. चारही शब्द वाचले. मग डाव्या हाताने पहिली पट्टी बाजूला सारली, ती फॉल्टची. माझा नवस तिथेच संपला. डिफेक्टच्या पट्टीवर तर ते चिडले, गणपतरावांकडे असं पाहिलं की ही आणलीसच कशाला. ती टेबलाखाली गेली.

दोन उरल्या. त्यांनी फेल्युअर उचलली. ती पट्टी डोळ्यांजवळ धरून बसले. मला वाटलं, संपलं, आता मला तुला हेच लिहावं लागणार, कारण मी शब्द दिला आहे. चिन्मयीने माझा हात धरला. मग त्यांनी ती पट्टी टेबलावर पालथी ठेवली. तिच्यावर तळहात दाबून धरला, जणू ती उलटून पुन्हा वर येईल. आणि शेवटची पट्टी गणपतरावांच्या दिशेने सरकवली.

एरर.

गणपतराव पद्धतीचे पक्के. लगेच विचारलं, "कोनाची भाऊ? मेंटनन्स?"

"नो." मग उजवा हात उचलला. तोच, जो अजून धड उचलत नाही. मध्ये थांबला, पण डाव्याची मदत घेतली नाही. तो हात त्यांनी आपल्या छातीवर ठेवला आणि म्हणाले, "ऑपरेटर." परत एकदा, पूर्ण, स्पष्ट. "ऑपरेटर एरर."

गणपतराव खुर्ची ओढून खालीच बसले. मला म्हणाले, "वहिनी, या मानसाच्या शिफ्टवर हे कदी लागलं नाही. दुसऱ्यायवर लागू नये म्हनून सायबायशी भांडले हे. आमी सगळे या दोन शब्दायले भ्यायचो. आन आज..." चिन्मयी खाली वाकून टेबलाखालची पट्टी शोधत राहिली, ती काही लवकर सापडली नाही.

मी? मी पाहत राहिले. ज्या माणसाला 'माफ कर' म्हणायला मराठी नाही, जो सॉरीचं कार्ड बाजूला सारतो, त्याने आपल्या सगळ्या आयुष्यातला सगळ्यात जड शब्द उचलून स्वतःवर ठेवला. मोडका हात लावून ठेवला. देवळात जाऊन जे वाटत नाही ते मला माझ्या जेवणाच्या टेबलाशी वाटलं. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि मी पडले. ते गोंधळून गणपतरावांकडे पाहायला लागले.

पण तुझा प्रश्न राहिलाच होता. डोळे पुसून मी विचारलं, "अवो, मंग प्रज्वलले काय लिहू? ये म्हनून लिहू?"

गणपतरावांनी मदत केली, "इन्स्ट्रक्शन देऊन राहिले काय भाऊ त्याले?"

"नो."

"ऑर्डर?"

"नो!" चांगलेच रागावले. मला वाटलं, झालं. चूक कबूल आहे, पण मुलगा नको आहे. असेही लोक असतात. मी पट्ट्या गोळा करायला हात पुढे केला तर त्यांनी माझं मनगट धरलं. थांब, अशी खूण. ओठ हलत होते. एक शब्द येत होता, तो नको म्हणून परत पाठवत होते, दुसरा शोधत होते. कपाळावर घाम आला त्यांच्या. आणि मग तो आला, हळू, पण अख्खा.

"रिक्वेस्ट."

गणपतरावांना आता हसूही येत होतं आणि रडूही. म्हणाले, "बरोबर हाये वहिनी. बंद युनिट परत ग्रिडले जोडाचं असलं ना, तर आपली ऑर्डर चालत नाही. केवढाही मोठा इंचार्ज असो. लोड डिस्पॅचले, सगळी ग्रिड जे सांभाळते त्यायले, फोन करून रिक्वेस्ट टाका लागते. त्यायनं हो म्हटलं तरच घ्याचं. नाही म्हटलं तर ऐकून घ्या लागते."

तर हे असं आहे, बाळा. तू विचारलं होतंस, बाबांनी बोलावलं का. मी खरं लिहीन म्हटलं होतं, ते लिहिते. नाही बोलावलं. विनंती केली आहे. हो म्हणायचं की नाही, ते तुझ्या हातात आहे, आणि हे त्यांना मान्य आहे.

उत्तर मला नको, त्यांना दे. मराठीत बोललास तरी समजतं त्यांना, फक्त त्यांच्याकडून येत नाही. रिक्वेस्ट टाकली की जबाब येईपर्यंत डेस्क सोडायचा नसतो म्हणे. सकाळपासून ते फोनजवळ बसले आहेत. जेवणाचं ताटही तिथेच न्यावं लागलं, आणि मला त्या फोनला हातसुद्धा लावू देत नाहीत.

आई